मी हिला ओळखते

मंगळवारी दुपारी दीड वाजता, जेवणाच्या सुट्टीत, कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत एका कागदावर एक सही झाली. सही करणाऱ्या वकीलबाई जेवत होत्या. त्यांनी बोटं पुसली, डाग पडू नये म्हणून डबा बाजूला सारला आणि छापील मजकुराखाली आपलं नाव लिहिलं. मजकूर एका ओळीचा होता: ‘प्रतिज्ञापत्र करणाऱ्या बाईंना मी स्वतः ओळखते आणि त्यांनी माझ्यासमोर सही केली आहे.’

त्या बाईंना वकीलबाई ओळखत नव्हत्या. सहीही त्यांच्यासमोर झालेली नव्हती. कागद टेबलावर आला तेव्हा ती त्याच्यावर होतीच.

कागद आणणाऱ्या वकिलांना सगळं कोर्ट मामा म्हणत असे. ते तिथल्या कुणाचेच मामा नव्हते. पण नव्या वकिलाला भाड्याची खोली शोधून देणं, आजारी सहकाऱ्याची तारीख सांभाळणं, न्यायाधीश आज कुठल्या कुशीवर उठलेत हे सकाळीच सांगून ठेवणं ही कामं ते इतकी वर्षं करत आले होते की दुसरं नाव त्यांना शोभलं नसतं.

“बाई कुठायत?” वकीलबाईंनी विचारलं. एवढं विचारायची पद्धत होती.

“बाहेर. बोलावू? नवऱ्याशी मिटवून आलीये, आत आली की रडायला बसेल. मग तुझी भाजी गार होणार आणि माझ्यावर आळ येणार.”

“राहू द्या.”

“म्हणून तर तुझ्याकडे येतो पोरी. बाकीचे चौकशा फार करतात.”

खोलीतले दोघेतिघे हसले. वकीलबाईही हसल्या. मामा कागद घेऊन जिन्याखालच्या नोटरीकडे गेले आणि वकीलबाईंनी डबा पुन्हा जवळ ओढला.

नियम साधा होता. प्रतिज्ञापत्र तयार करणाऱ्या वकिलानेच पक्षकाराची ओळख दिलेली चालत नसे. ओळख दुसऱ्या वकिलाने द्यायची, म्हणजे दोन माणसांचे डोळे त्या पक्षकारावरून फिरतात. कुणाच्या जागी कुणी बसत नाही, कुणाला दटावून आणलेलं असेल तर ते दिसतं. नियम करणाऱ्याने विचार करून केला होता. पण कोर्टात रोज शेकडो कागद होत आणि जेवणाची सुट्टी एकच. त्यामुळे कधीतरी, कुणालाही न विचारता, एक रीत पडली. मी तुझ्या पक्षकाराची ओळख देते, तू माझ्या. माणूस बाहेर बाकावर बसलेला असतो, आणि आपल्यातलाच वकील सांगतोय म्हटल्यावर उठून बघायला जाणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं. वकीलबाई चांगल्या वकील होत्या. खोटा साक्षीदार त्यांनी कधी उभा केला नाही, समोरच्या पक्षाशी मागच्या दाराने बोलल्या नाहीत. या रीतीला मात्र त्या खोटेपणात धरत नसत. कोर्टात कुणीच धरत नसे.

प्रतिज्ञापत्रात काय लिहिलं होतं ते त्यांनी त्या दिवशी वाचलं नाही. त्यात लिहिलं होतं: माझ्या पतीविरुद्ध मी मारहाणीची दिलेली तक्रार रागाच्या भरात दिली होती, ती मी मागे घेत आहे. मी सज्ञान असून स्वतःच्या मर्जीने घर सोडून दूर राहायला जात आहे. माझा शोध घेऊ नये.

*

पुढच्या सोमवारी संध्याकाळी वकीलबाईंच्या ऑफिसचा जिना चढून एक बाई आली. ऑफिस चष्म्याच्या दुकानावर होतं. खालून काच घासायच्या यंत्राचा बारीक आवाज सतत येई. बाई पन्नाशीकडे झुकलेली, हातात शाळेची पिशवी, पिशवीत तपासायच्या उत्तरपत्रिका.

“तुम्ही मला ओळखत नाही,” ती म्हणाली. “माझ्या धाकट्या बहिणीला ओळखता.”

तिने प्रतिज्ञापत्राची प्रत टेबलावर ठेवली. वकीलबाईंनी आधी स्वतःची सही पाहिली, मग वरचा मजकूर वाचला.

थोरली घाईने बोलत होती, पण क्रम सोडत नव्हती. धाकटीचा नवरा बांधकामाचा ठेकेदार. त्याने तिचं मनगट मोडलं तेव्हा धाकटीने पहिल्यांदा तक्रार केली. कोर्टातली तारीख जवळ आली होती. त्या मंगळवारच्या आदल्या रविवारपासून तिचा फोन बंद लागायला लागला. थोरली घरी गेली तर ठेकेदार म्हणाला, गेली. कुठे? माहीत नाही. थोरलीने पोलिसांत हरवल्याची तक्रार दिली. फौजदारांनी ठेकेदाराला बोलावलं, त्याने हा कागद दाखवला आणि फौजदारांनी थोरलीला समजावलं: बाई, शहाणीसुरती बाई आहे, आपणहून गेलीये. वकिलासमोर, नोटरीसमोर सही केलीये. आम्ही कुणाला शोधायचं?

“खरं सांगू का,” थोरली म्हणाली, “मला राग यायला हवा होता, पण रडूच आलं. बरं वाटलं म्हणून. रविवारपासून माझ्या डोक्यात नको नको ते चाललं होतं. मग कळलं की मंगळवारी ती इथे होती, तुमच्यासमोर बसली होती. म्हणून आले. तुम्हीच तिला शेवटचं पाहिलंय. कशी होती हो?”

या ठिकाणी खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. वकीलबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

“बरी होती,” त्या म्हणाल्या.

थोरलीने डोळे मिटून घेतले. “काही बोलली?”

“फारसं नाही.”

“नाहीच बोलत ती. लहानपणी डोकं फुटलं तरी घरात येऊन गुपचूप बसायची, आम्हाला रक्तावरून कळायचं.” ती थोडं हसली. “आणि प्लास्टर? काढलं होतं का?”

“मी एवढं पाहिलं नाही.”

“उजव्या हाताला. कोपरापर्यंत. न दिसण्यासारखं नव्हतं ते.”

खाली यंत्र थांबलं. दुकानात कुणीतरी चष्मा घालून बघत असणार.

“काढलं असेल मग,” वकीलबाई म्हणाल्या.

थोरलीने प्रत उचलली आणि सहीकडे पाहिलं. सही गोल, सरळ, एका दमात केलेली होती. “अक्षर तिच्यासारखंच आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज मघापेक्षा सावकाश झाला होता. “डॉक्टर तर म्हणाले होते, अजून महिनाभर तरी राहील.” तिने कागद उत्तरपत्रिकांमध्ये ठेवला. दाराशी ती वळली. “आईला सांगते मी, की तुम्ही पाहिलंत. ती धड जेवलेली नाही. तुमचे उपकार झाले, वकीलबाई.”

*

दुसऱ्या दिवशी मामा कोर्टाच्या मागच्या बाजूला, दुचाक्या लावतात तिथे सापडले.

“मामा, ती बाई त्या दिवशी कुठे होती?”

“कोण बाई?”

“ठेकेदाराची बायको. मी ओळख दिली ती.”

“सांगितलं की. बाहेर.”

“बाहेर कुठे? बाकावर?”

मामांनी हेल्मेट काढून आरशाला अडकवलं. “गाडीत होती. ठेकेदार म्हणाला, गाडीत बसलीये, तिला जिना चढवत नाही.”

“तुम्ही पाहिलीत?”

“अगं, सही झालेला कागद माझ्या हातात होता.”

“पाहिलीत का, मामा?”

“तू पाहिलीस?” मामा म्हणाले. हसले नाहीत. “कागदावर तुझं नाव आहे. माझं नाही.”

“ठेकेदार तुमचा पक्षकार. मग त्याच्याविरुद्ध तक्रार करणाऱ्या बाईचा कागद तुम्ही कसा तयार केलात?”

“मिटलं म्हटल्यावर कुठली बाजू न् कुठलं काय. आता ऐक. माझ्या पक्षकाराने मला काय सांगितलं, काय नाही, ते मी कुणाला सांगू शकत नाही. तुलाही नाही. हा नियम तर तुला पाठ असेल.”

“दुसराही पाठ होता मला.”

“तोंडी लागू नकोस. जेवलीस का?”

जिन्याखाली नोटरी शिक्क्याच्या डबीत शाई घालत होते. वकीलबाईंनी विचारल्यावर त्यांनी मानही वर केली नाही. “तुमची सही होती म्हणून मी शिक्का मारला,” ते म्हणाले. “मी माणसं बघायला लागलो तर ही रांग पार फाटकापर्यंत जाईल. माणसं तुम्ही बघायची.”

वकीलबाई जिन्याशी उभ्या राहिल्या. नोटरींनी त्यांच्या सहीवर विश्वास ठेवला होता, त्यांनी मामांच्या शब्दावर, मामांनी ठेकेदाराच्या. फौजदारांनी या सगळ्यांवर. मंगळवारच्या दुपारी ती बाई कुठेतरी होती असं सांगणारा माणूस मागे मागे जात शेवटी एकच उरत होता, आणि तो तिचा नवरा होता.

*

घरी आल्यावर त्यांना आपल्या इमारतीसमोर लोखंडी नळ्यांचा ढीग दिसला. वकीलबाईंचा नवरा विमा कंपनीत होता आणि इमारतीच्या सोसायटीचा सेक्रेटरी होता. दुसरं काम तो पहिल्यापेक्षा मन लावून करी. दिवाणखान्यात तो एका माणसाबरोबर रंगांचे नमुने पसरून बसला होता.

“ये ये. आपला रंग ठरतोय. मी म्हणतो हा फिकट राखाडी, हे म्हणतात मळतो. ठेकेदार ते, म्हणजे ऐकायला हवं.”

माणूस उठून उभा राहिला. नीटनेटका, हळू बोलणारा, नखं स्वच्छ.

“ताई,” तो म्हणाला, “तुम्ही मला ओळखत नाही. माझ्या बायकोला ओळखता.”

“अरे वा,” नवरा म्हणाला. “हिची ओळख म्हणजे कोर्टातलीच असणार. घटस्फोट तर नाही ना झाला तुमचा?” तो स्वतःच हसला आणि चहा टाकायला आत गेला.

ठेकेदार पुन्हा बसला. रंगांचे नमुने त्याने एकावर एक रचले.

“मेहुणी येऊन गेली म्हणे तुमच्याकडे. बिचारी. फार जीव आहे तिचा बहिणीवर. तुम्ही तिला सांगितलंत की बरी होती. चांगलं केलंत.”

थोरलीशी ते बोलणं झालं तेव्हा ऑफिसात त्या दोघीच होत्या.

“तुमची बायको कुठे आहे?”

“ते तिने लिहून दिलंय ना. शोध घेऊ नये.” तो समजूत घातल्यासारखा बोलत होता. “पुढे कुणी विचारलं तर तुम्हाला आठवावं म्हणून सांगतो. माणसाच्या लक्षात राहत नाही. त्या दिवशी तिने पिवळा स्कार्फ बांधला होता, डोक्यावरून. निळा सैल कोट. बाह्या लांब, त्यामुळे हात झाकलेले. सही करताना पेन नीट चालेना, तर तुम्ही तुमचं दिलंत. तिने आभार मानले. एवढंच.”

साक्षीदाराला असंच शिकवतात. एकदोन रंग, एखादी वस्तू, एखादी छोटी अडचण; खऱ्या आठवणीत अडचण असते. हे वकीलबाईंना कुणी समजावायला नको होतं.

“उद्या सकाळपासून परांची बांधतो,” ठेकेदार आतल्या दिशेला वळून मोठ्याने म्हणाला. “तुमच्या बाजूने सुरुवात करू का, साहेब?”

“करा की!” आतून नवरा म्हणाला. “सेक्रेटरीला एवढा तरी मान असू द्या!”

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नळ्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढल्या. त्यावर फळ्या, बाहेरून हिरवी जाळी. घरात दिवसाढवळ्या दिवा लावावा लागायला लागला. वकीलबाईंच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीबाहेरून माणसं चालत जात. आधी फळी करकरे, मग सावली येई. रंग लावताना कुणी दिसत नव्हतं.

*

थोरली गप्प बसली नाही. तिने इस्पितळात जाऊन विचारलं: प्लास्टर काढायला बहीण तिथे आलीच नव्हती. तिने कोर्टात अर्ज केला की बहिणीचा शोध पुन्हा सुरू करावा. कोर्टाने अर्ज दाखल करून घेतला आणि ओळख देणाऱ्या वकीलबाईंना जबाबासाठी बोलावलं.

समन्स आलं त्या दुपारी वकिलांच्या खोलीत मामा त्यांच्यासमोर येऊन बसले. जेवणाची सुट्टी होती, पण डबा कुणी उघडला नव्हता. बाकीच्यांना अचानक ग्रंथालयात कामं निघाली होती.

“एकच वाक्य आहे,” मामा म्हणाले. “हो, पाहिली. पाणी प्यायचं, बाहेर यायचं. कोण म्हणणार आहे नाही पाहिली?”

“ती म्हणेल. सापडली तर.”

“सापडली तर प्रश्नच मिटला. जिवंत आहे म्हणजे सहीही केली असेल.”

“आणि नाही सापडली तर?”

मामांनी खुर्ची जवळ ओढली. “तुझा स्वभाव मला माहितीये. खरं बोलून मोकळं व्हावंसं वाटत असेल. पण तू एकटी मोकळी होणार नाहीस पोरी. आजवर तू ज्यांची ज्यांची ओळख दिलीस, ते सगळे कागद उद्या उकरले जातील. ते दत्तकाचं प्रकरण आठवतं? मुलाच्या आईची ओळख तू दिली होतीस. तिला पाहिली होतीस?”

“पाहिली होती. तिच्याशी अर्धा तास बोलले होते.”

“सिद्ध कर.”

वकीलबाईंनी समन्सची घडी घातली.

“बघ. खऱ्याचंही खोटं होणार. ते पोर आता शाळेत जातं. त्याच्या घरी नोटीस गेलेली बघवेल तुला? एका बाईपायी, जिला तू ओळखतही नाहीस?”

“ओळखते म्हणून लिहून दिलंय मी.”

मामांनी खुर्ची मागे सारली. मग उठले. “तुला उभं केलं तेव्हा वाटलं नव्हतं,” ते म्हणाले, आणि काय वाटलं नव्हतं ते न सांगता गेले. वकीलबाईंना पहिली खोली मामांनीच मिळवून दिली होती.

त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने मधे एकदाही थट्टा केली नाही.

“मग खरं सांग,” तो म्हणाला. “यात विचारण्यासारखं काय आहे?”

“वकिलीची सनद जाईल.”

“जाऊ दे. माझा पगार आहे. घर काही—”

खिडकीबाहेर फळी करकरली. काम पाचलाच थांबत असे. नवऱ्याने खिडकीकडे पाहिलं, मग बायकोकडे.

“हळू बोल,” तो म्हणाला.

त्या दिवसांत आणखी एक गोष्ट घडत होती, ती वकीलबाईंनी नवऱ्यालाही सांगितली नाही. त्यांना ती बाई आठवायला लागली होती. दार उघडलेलं, बाहेरचा बाक, बाकावर पिवळा स्कार्फ. लांब बाह्या. दिलेलं पेन, आपलं निळं. त्या दिवशी आपण डब्यातून मान वर केली नव्हती हे त्यांना पक्कं ठाऊक होतं; तरी सकाळी जाग येताना ती बाई तिथे बसलेली असे, आणि रोज आदल्या दिवसापेक्षा स्पष्ट दिसे. चेहरा तेवढा नव्हता. चेहऱ्याबद्दल ठेकेदार काही बोलला नव्हता.

*

सुनावणी सकाळच्या सत्रात झाली. एरवी रिकाम्या असणाऱ्या मागच्या खुर्च्या वकिलांनी भरल्या होत्या. मामा नव्हते. ठेकेदाराच्या बाजूने दुसराच वकील उभा होता. ठेकेदार भिंतीला टेकून, हात पुढे बांधून उभा होता, वर्गाबाहेर थांबलेल्या पालकासारखा.

न्यायाधीश बाईंनी स्वतःच प्रश्न विचारले.

“ही सही तुमची?”

“हो.”

“मजकूर वाचा.”

वकीलबाईंनी वाचला.

“या बाईंना तुम्ही ओळखत होतात?”

“नाही.”

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

“त्यांनी तुमच्यासमोर सही केली?”

“नाही. मी त्यांना पाहिलेलं नाही. त्या दिवशी नाही, त्याआधी नाही, नंतर नाही.”

टंकलेखक थांबला. न्यायाधीश बाईंनी त्याला बोटाने पुढे चल अशी खूण केली. “मग सही का केलीत?”

“अशी रीत आहे.”

“कुणाची?”

“आमची.” वकीलबाई थोड्या थांबल्या. “माझी.”

“याआधी असं किती वेळा केलंत?”

“मोजलेलं नाही.”

ठेकेदाराच्या वकिलाने उलटतपासणीत एकच गोष्ट धरली: बहिणीला तुम्ही ‘बरी होती’ म्हणालात, आज म्हणता पाहिलीच नाही, मग तुम्ही खोटं केव्हा बोलता? प्रश्न बरोबर होता. वकीलबाई त्याच्या जागी असत्या तर त्यांनीही तोच विचारला असता. “तेव्हा,” त्या म्हणाल्या. वकील म्हणाला, “कशावरून?”

मधल्या सुट्टीत थोरली व्हरांड्यात भेटली. वकीलबाई तिच्यासमोर थांबल्या. त्यांनी काही वाक्यं तयार केली होती.

“तुम्ही मला बरी होती म्हणालात,” थोरली म्हणाली.

“हो.”

“मी आईला तसंच सांगितलं. आई म्हणाली, मग वाट बघू, येईल. आम्ही वाट बघत बसलो. अर्ज करायलाही मी त्याच्यापायीच उशीर केला.” तिचा आवाज चढला नाही. “ते दिवस मला परत कोण देणार?”

थोरली त्यांच्या बाजूने निघून गेली.

कोर्टाने त्याच दिवशी शोध पुन्हा सुरू करायचा आदेश दिला.

*

त्यानंतर जे झालं ते असं.

वकीलबाईंची सनद चौकशी पूर्ण होईपर्यंत निलंबित झाली आहे. ऑफिसची पाटी त्यांनी स्वतः उतरवली. नोटरींचा शिक्का जप्त झाला. मामांनी लेखी कळवलं की पक्षकाराशी झालेलं बोलणं उघड करता येत नाही. कोर्टाने त्यावर निर्णय राखून ठेवला आहे. ते रोज कोर्टात येतात. नवे वकील त्यांच्याशी बोलतात, जुने घड्याळ बघतात. जेवणाच्या सुट्टीत कुणी कुणाकडे ओळखीसाठी कागद नेला की आधी पक्षकाराला आत बोलावू लागले. असं आठवडाभर कसोशीने चाललं. परवा एकाने म्हटलं, बाहेरच बसलाय, आणि समोरच्याने सही केली.

दत्तक मुलाच्या घरी नोटीस गेली. त्याची जन्मदाती आई, जिला वकीलबाईंनी खरोखर पाहिलं होतं, दूर राहायला गेली आहे. तिचा पत्ता शोधणं चालू आहे.

पोलिसांनी ठेकेदाराचं घर पाहिलं. निळा कोट सापडला, पिवळा स्कार्फ नाही. त्याच्या एका चालू कामावर तळघराची काँक्रीटची फरशी, धाकटीचा फोन बंद झाला त्याच रविवारी ओतली होती. सुट्टीच्या दिवशी ओतलेली ती एकच. फरशी फोडायला परवानगी मागितली गेली. इमारतीच्या मालकाने हरकत घेतली आहे. हरकतीवर सुनावणी व्हायची आहे.

वकीलबाईंच्या इमारतीचं रंगकाम अर्धवट थांबलं. परांची आणि जाळी तशीच आहे. सोसायटीने काढून न्यायला पत्र लिहिलं, उत्तर नाही. दुसरा ठेकेदार म्हणतो, पहिल्याच्या सामानाला मी हात लावणार नाही. फळ्या आता करकरत नाहीत, वारा असेल तेव्हा सोडून. तेव्हा नवरा उठून खिडकीची कडी पुन्हा बघतो.

गेल्या शुक्रवारी ठेकेदाराच्या वकिलाने कोर्टात एक नवं प्रतिज्ञापत्र दाखल केलं. ते दुसऱ्या गावी केलेलं आहे. त्यात धाकटीच्या नावाने लिहिलं आहे की मी सुखरूप आहे, हात बरा झाला आहे, माझ्या पतीला त्रास देऊ नये, बहिणीने माझा नाद सोडावा. खाली सही आहे, गोल, सरळ, एका दमात केलेली. सहीखाली त्या गावच्या एका वकिलांनी लिहून दिलं आहे की या बाईंना मी स्वतः ओळखतो आणि त्यांनी माझ्यासमोर सही केली आहे.

न्यायाधीश बाईंनी फौजदारांना सांगितलं, त्या वकिलांना विचारा, पाहिलं का. फौजदार त्याच दुपारपासून फोन करत आहेत. थोरलीने तोच नंबर मिळवला आहे, आणि वकीलबाईंनीही.

फोन लागतो. पूर्ण वाजतो. आज सकाळपर्यंत तो कुणी उचललेला नाही.